मदरबोर्ड घ्यायच्या आधी गरजांची यादी करा



या वेळी एका भगिनीच्या पत्राला उत्तर द्यायचे आहे. कल्याणच्या पुढे राहणाऱ्या या ताई चार घरी स्वयंपाकाची कामे करतात. यजमान एका कारखान्यात कंत्राटी कामगार आहेत. थोरली मुलगी तंत्रनिकेतनात संगणकाच्या पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, धाकटा आठवीत. मुलगी आजवर मोबाइलवर, नाहीतर मैत्रिणीच्या घरी जाऊन प्रोग्रॅम लिहीत आली. येत्या महिन्यात ताईंच्या भिशीचा नंबर आहे आणि त्या पैशांतून घरी कॉम्प्युटर घ्यायचा, असे सर्वांनी बसून ठरवले आहे. लॅपटॉप का नको, याचे उत्तरही त्यांनीच लिहिले आहे. दोन्ही मुलांना वापरता यावा, बिघडला तर बिघडलेला तेवढाच भाग बदलता यावा आणि पुढच्या भिशीत त्यातच भर घालता यावी. हा विचार मला पटला.

ताईंनी दोन दुकानांतून अंदाज लिहून आणले व दोन्ही चिठ्ठ्यांची झेरॉक्स पत्रासोबत पाठवली. पहिल्या दुकानदाराने 'आय-सेव्हन प्रोसेसर, एच६१ नवा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम' असा पूर्ण संच अगदी स्वस्तात देऊ केला आहे. दुसऱ्याने मदरबोर्डसमोर 'झेड७९०, वायफाय, आरजीबी' असे लिहिले आहे आणि त्या एका ओळीची रक्कम पाहूनच ताईंचा जीव दडपला. यजमान म्हणतात, पहिला घेऊ. मुलगी म्हणते, दुसरा. ताई विचारतात की मदरबोर्ड म्हणजे नेमके काय आणि दोघांच्या किमतीत एवढे अंतर कसे?

माझे उत्तर आधीच सांगतो. दोन्ही चिठ्ठ्या परत करा. पहिली शुद्ध फसवणूक आहे. दुसरी फसवणूक नाही, पण तुमच्या घराला तिचा उपयोग नाही.

ज्या पेटीला आपण सर्रास 'सीपीयू' म्हणतो, तिचे बाजूचे झाकण काढले की आत एक मोठी चौकोनी पाटी स्क्रूने बसवलेली दिसते. तो मदरबोर्ड. प्रोसेसर, रॅम, डिस्क, पंखा, सगळे त्याच पाटीवर बसते किंवा वायरने तिला जोडले जाते. पेटीच्या मागे आपण माऊस, कीबोर्ड, स्क्रीन जिथे लावतो ती तोंडेही या पाटीचीच. वस्तीत स्वतःचे घर उभे केलेल्या माणसाला मी एवढेच सांगेन की हे घराचे जोते आहे. पोटमाळा पुढच्या वर्षी घालता येतो, लाद्या त्याच्या पुढच्या वर्षी. जोते मात्र एकदा घातले की भिंती तेवढ्यातच उभ्या राहणार. म्हणून मदरबोर्ड घेताना प्रत्येक सोयीबद्दल एकच प्रश्न विचारायचा: ही सोय नंतर बाहेरून जोडता येते का? येत असेल तर आज पैसे घालू नका. येत नसेल आणि लागणार असेल, तर तिथे हात आखडू नका.

आता पहिली चिठ्ठी. 'आय-सेव्हन' वाचून यजमानांना वाटले की मोठ्या ताकदीचा प्रोसेसर स्वस्तात मिळतो आहे. तसे वाटणे साहजिक आहे. पण एखादा माणूस 'मॅट्रिक पास' आहे एवढ्यावरून तो कोणत्या साली पास झाला हे जसे कळत नाही, तसेच हे आहे. साल कळते ते पुढच्या आकड्यावरून. आय-सेव्हन २६०० असेल तर पहिला आकडा दोन, म्हणजे दुसरी पिढी. ती २०११ सालची. आय-थ्री १२१०० असेल तर बारावी पिढी, आणि तो प्रोसेसर २०२२ सालचा. चिठ्ठीवर पुढचा आकडा लिहिलेलाच नाही. तो विसरला असेल असे मला वाटत नाही.

पण मदरबोर्डच्या नावाने त्याला उघडे पाडले. एच६१ हा बोर्ड इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरांसाठी २०११ मध्ये आला. नंतरच्या पिढीचा प्रोसेसर त्यावर बसतच नाही. म्हणजे तो 'आय-सेव्हन' कुठल्यातरी कार्यालयाच्या जुन्या मालातून निघालेला असणार. मग बोर्ड 'नवा' कसा? अशा जातीचे बोर्ड नव्या कोऱ्या खोक्यात बाजारात मिळतात. त्यांतल्या अनेकांत जुन्या बोर्डावरून काढलेली मुख्य चिप नव्या पाटीवर बसवलेली असते. त्यांना डीडीआर३ जातीची रॅम लागते. उद्या भर घालायची म्हटली तर पुन्हा जुन्या मालाच्याच दुकानात जाणे आले. आणखी एक गोष्ट. विन्डोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्या आधीच्या विन्डोज १० चा नियमित आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. (ही तारीख तरी आपल्या माणसांना पाठ करावी लागणार नाही!) दुकानदार आडमार्गाने विन्डोज ११ घालून दाखवील. तसे करता येते. पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच, याची हमी कंपनी देत नाही.

जुने यंत्र घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. जुने म्हणून, जुन्याच्या भावात दिले आणि त्यावर मोफत लिनक्स घालून पत्रे टाईप करायची असतील, तर ते चालते. अभ्यासिकेसाठी अशी यंत्रे मी स्वतः उभी करून दिली आहेत. तक्रार आहे ती 'नवा' या शब्दाची.

यजमानांनी वाईट वाटून घेऊ नये. काटकसर करणारा माणूसच अशा ठिकाणी अडकतो, कारण विक्रेत्याने जाळे त्याच्यासाठीच लावलेले असते.

दुसऱ्या चिठ्ठीतला झेड७९० हा बोर्ड अस्सल आहे आणि चांगला आहे. 'झेड' अक्षराच्या बोर्डाची मुख्य करामत अशी की, ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी 'के' असतो, त्याला ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवता येते. त्यासाठी तो महागडा 'के' प्रोसेसर हवा, मोठा पंखा हवा, दमदार पॉवर सप्लाय हवा. त्याच चिठ्ठीत प्रोसेसर साधा आय-थ्री लिहिला आहे! म्हणजे बैलगाडीला विमानाचा रनवे. आरजीबी म्हणजे रंगीत दिवे. मुली, तुझ्या मैत्रिणीच्या घरी ते पाहून तुलाही हवेसे वाटले असतील, त्यात गैर काही नाही. पण त्या दिव्यांच्या पैशात तुला दुप्पट रॅम मिळते आणि पुढच्या वर्षी प्रोजेक्टच्या वेळी तुझा अडलेला हात रॅमच सोडवील.

म्हणून आधी वही घ्या आणि घरात या यंत्रावर काय-काय होणार ते लिहा. ताईंच्या पत्रावरून मी त्यांची यादी अशी केली. मुलीचे सी, जावा, पायथन, डेटाबेस. शेवटच्या वर्षी मोबाइल अ‍ॅपचा प्रोजेक्ट निघाला तर अँड्रॉइड स्टुडिओ, आणि ते १६ जीबी रॅम असेल तरच सुखाने चालते. धाकट्याचा अभ्यास, व्हिडिओ, आणि खरे बोलायचे तर थोडे गेम. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज, त्यासाठी दाखले स्कॅन करून चढवणे. इंटरनेट मोबाइलवरूनच. शेजारच्या घरून जुना स्क्रीन मिळणार आहे. या यादीत व्हिडिओ एडिटिंग नाही, मोठे गेम नाहीत, दोन-तीन ग्राफिक कार्डे नाहीत. यादी समोर असली की मदरबोर्डच्या खोक्यावरची अर्धी जाहिरात आपोआप गळून पडते.

पहिला प्रश्न, प्रोसेसर आणि सॉकेट. बोर्डाच्या मध्यभागी ज्या चौकोनात प्रोसेसर बसतो, त्याला सॉकेट म्हणतात. इंटेलचा प्रोसेसर एएमडीच्या बोर्डावर बसत नाही, आणि एकाच कंपनीचे सॉकेटही काही वर्षांनी बदलतात. इंटेलचे एलजीए १७०० हे सॉकेट २०२१ मध्ये आले, त्यावर बारावी, तेरावी आणि चौदावी पिढी बसते. २०२४ मध्ये इंटेलने एलजीए १८५१ हे नवे सॉकेट आणले. एएमडीचे एएम४ हे सॉकेट २०१६-१७ पासूनचे. त्यासाठी २०२४ मध्येही नवे प्रोसेसर निघाले, हे मला त्या कंपनीचे कौतुक वाटते. २०२२ मध्ये एएम५ आले. त्याला २०२७ व त्यापुढेही आधार देऊ, असे एएमडीने जाहीर केले आहे.

याचा आपल्याला अर्थ काय? पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून यंत्र ताजे करायची इच्छा असेल, तर एएम५ चा साधा बोर्ड घ्यावा. ए६२० किंवा बी६५० अशा नावाचा. पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकाएकी चढले, कारण एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची मागणी वाढवली. भाव कोणत्या आठवड्यात काय असेल ते मी इथे छापणार नाही. अंक तुमच्या हाती पडेपर्यंत ते खोटे ठरायचे. भिशीच्या रकमेत बसत असेल तर एएम५, नाहीतर एलजीए १७०० किंवा एएम४ वर डीडीआर४ चा बोर्ड. दोन्हींवर ताईंच्या मुलीची पदविकाच काय, पुढची पदवीही होईल.

इथे एक मोठा खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. पुतण्यासाठी यंत्र जुळवले. प्रोसेसर थोडा स्वस्त मिळाला म्हणून खूश होतो. सगळे जोडले, पंखा फिरला, दिवा लागला, पण स्क्रीन काळा. एचडीएमआयची वायर बदलली, रॅम काढून पुसून घातली, तीन संध्याकाळी गेल्या. मदरबोर्ड खराब निघाला असे समजून दुकानात भांडायला गेलो. तिथल्या पोऱ्याने प्रोसेसरचे खोके पाहिले आणि म्हणाला, काका, हा 'एफ' आहे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल, तर त्यात चित्र दाखवणारा भाग नसतो. बोर्डाच्या मागे एचडीएमआयचे तोंड असते, पण त्यातून काही येत नाही. वेगळे ग्राफिक कार्ड घ्यावेच लागते. एएमडीच्या एएम४ मध्ये उलट पाहायचे: नावाशेवटी 'जी' असेल तर चित्राची सोय आत आहे. रायझेन ५ ५६००जी मध्ये आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही. हे एक अक्षर आधी विचारले असते तर माझ्या तीन संध्याकाळी वाचल्या असत्या.

दुसरा प्रश्न रॅमचा. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या पट्ट्यांना मधली खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीची जागा दुसरीला चालत नाही. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, आणि नाव जवळजवळ सारखेच असते. म्हणून खोक्यावर 'डी४' किंवा 'डीडीआर४' लिहिले आहे का ते पाहा. मग खाचा मोजा. एच६१० जातीच्या बोर्डावर रॅमच्या दोनच खाचा असतात, बी७६० च्या बऱ्याच बोर्डांवर चार. आपल्या घराला दोन पुरतात, पण एका अटीवर. आज ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या घेऊन दोन्ही खाचा भरू नका. दुकानदार 'ड्युअल चॅनेल'चे कारण सांगून तसे सुचवील. ते कारण खोटे नाही, दोन पट्ट्यांनी काम थोडे वेगाने होते. पण उद्या वाढवायचे तर दोन्ही काढून फेकाव्या लागतात. आज ८ जीबीची एक पट्टी घ्या आणि पुढच्या भिशीत तसलीच दुसरी. १६ जीबी झाले, ड्युअल चॅनेलही आपोआप झाले.

तिसरी गोष्ट डिस्क. बोर्डावर आडवी, च्युइंगमच्या पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा असते, तिला एम.२ म्हणतात. ही एक तरी हवीच, आणि तिला 'एनव्हीएमई' चालते ना, एवढे विचारा. नेहमीच्या साटा एसएसडीचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो. एनव्हीएमईची साधी डिस्कही त्याच्या कितीतरी पुढे जाते. एच६१० वर एम.२ चा वेग जुन्या, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसचा असतो, म्हणून काही लोक नाके मुरडतात. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला तो फरक जाणवणार नाही. साटाची तोंडे चार असली की झाले, त्यांवर पुढे मोठी हार्ड डिस्क लावता येते. काही बोर्डांत एम.२ वापरली की साटाचे एक तोंड बंद पडते. ते बिघडलेले नसते, पुस्तिकेत तसे छापलेले असते.

आता मागची बाजू. इथे आपल्या घरांची गरज जाहिरातवाल्यांच्या ध्यानीमनीही नसते. शेजारून मिळणाऱ्या जुन्या स्क्रीनला बहुधा निळे, पंधरा टाचण्यांचे व्हीजीए तोंड असेल. महागड्या बोर्डावर ते नसते, स्वस्त बोर्डावर अनेकदा असते! म्हणजे इथे स्वस्त बोर्डच आपल्या जास्त सोयीचा. व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही असतील तर उत्तम, पुढे नवा स्क्रीन घेतला तरी अडणार नाही. यूएसबीची तोंडे मागे निदान सहा मोजा. कीबोर्ड, माऊस, प्रिंटर, फोन यांत चार लगेच गेली.

वायफाय असलेला बोर्ड घेऊ नका. घरात इंटरनेट मोबाइलवरूनच येणार, तर फोन यूएसबीच्या वायरने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा, कॉम्प्युटरला इंटरनेट मिळते आणि फोन चार्जही होत राहतो. पुढे घरी वायफाय आलेच, तर नखाएवढी यूएसबी पट्टी काही शेकड्यांत मिळते. ब्लूटूथचेही तेच. लॅनचे तोंड १ गिगाबिटचे असते ते भरपूर झाले. २.५ गिगाबिट लिहिलेले असेल तर त्यासाठी जास्त देऊ नका.

ग्राफिक कार्डाची लांब खाच प्रत्येक साध्या बोर्डावर एक असते आणि आपल्याला एकच पुरे. धाकट्याला चार वर्षांनी कार्ड घ्यायचे झाले तर जागा आहे, हे त्याला आजच सांगून ठेवा म्हणजे रुसवा जाईल. बोर्डाचा आकार मायक्रो-एटीएक्स, म्हणजे जास्तीत जास्त २४४ गुणिले २४४ मिलिमीटर, घ्यावा. मोठ्या एटीएक्सपेक्षा तो स्वस्त पडतो आणि लहान-मोठ्या बहुतेक पेट्यांत बसतो. फार चिमुकला मिनी-आयटीएक्स दिसायला गोंडस, पण त्यात खाचा कमी आणि किंमत जास्त.

जिथे हात आखडू नये असे मी वर म्हटले, ती जागा खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेली नसते. पॉवर सप्लायकडून बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात आणि प्रोसेसरला लागतो साधारण एक व्होल्ट. हा उतार करणारे काळे चौकोनी तुकडे सॉकेटच्या शेजारी रांगेत असतात, त्या भागाला व्हीआरएम म्हणतात. तो तापतो. पत्र्याचे घर, एप्रिल-मेचा उन्हाळा, पेटी भिंतीला चिकटवलेली, अशा ठिकाणी तो फार तापतो. साध्या आय-थ्रीला किंवा रायझेन ५ ला साधा व्हीआरएम पुरतो. पण सॉकेटशेजारच्या त्या रांगेवर ॲल्युमिनियमची ठोकळी, म्हणजे हीटसिंक, बसवलेला बोर्ड थोड्याशा फरकाने मिळत असेल, तर तो फरक द्या. पुढे कधी मोठा प्रोसेसर घालायचा म्हटले तर हीच ठोकळी उपयोगी पडते. ही सोय नंतर बाहेरून जोडता येत नाही.

आणखी एक छोटी सोय मला फार आवडते. काही बोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, चित्र, डिस्क. यंत्र सुरू झाले नाही तर ज्याच्यामुळे अडले त्याचा दिवा पेटलेला राहतो. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधीच घरच्या घरी कळते की रॅम नीट बसलेली नाही. आरजीबीच्या हजार रंगांपेक्षा हे चार दिवे बरे.

आता दुकानात. ताईंनी पत्रात लिहिले आहे की दुकानात मुलगी गप्प उभी राहिली, आणि ताईंना विचारायची लाज वाटली. हे वाचून मला वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. काचेच्या दुकानात, इंग्रजी नावांच्या गर्दीत, आपल्या माणसाला वाटते की विचारले तर आपले अज्ञान दिसेल. केसपुत्तच्या कालामांना भगवंतांनी जे सांगितले, ते आपल्या विहारात आपण कितीदा ऐकतो: केवळ कोणी सांगितले म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. ते प्रवचनापुरते ठेवण्याचे कारण नाही. मुलीच्या हातात कागद द्या आणि बोलणे तिलाच करू द्या. शिकते आहे ती संगणकच ना!

कागदावर एवढेच असावे: 'एच६१० किंवा बी७६०, डीडीआर४, मायक्रो-एटीएक्स, एम.२ एनव्हीएमई, व्हीजीए आणि एचडीएमआय. प्रोसेसर आय-थ्री बारावी पिढी किंवा पुढची, एफ नको.' एएमडी घ्यायचा झाला तर 'ए५२० किंवा बी५५०, प्रोसेसर जी अक्षराचा'. दोन-तीन दुकानांत हाच कागद दाखवा. मुंबईला जाणे जमत असेल तर ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर एकाच रस्त्यावर कितीतरी दुकाने आहेत, तासाभरात भावाचा अंदाज येतो. गावातल्या दुकानदाराने त्याच्या जवळपास दिले तर त्याच्याकडूनच घ्या, दुरुस्तीला जवळ पडतो.

जुळणीच्या बाबतीत एक प्रश्न नक्की विचारावा: या बोर्डाचे बायॉस या प्रोसेसरला ओळखते का? बोर्ड आधी बनलेला आणि प्रोसेसर नंतरचा असेल, तर बोर्डाच्या आतला हा मूळ प्रोग्रॅम जुना पडतो आणि यंत्र सुरूच होत नाही. उदाहरणार्थ बी६६० वर तेराव्या-चौदाव्या पिढीचा प्रोसेसर. दुकानदाराने बायॉस अपडेट करून द्यावे, त्याला ते अवघड नाही.

खोके तुमच्यासमोर उघडायला लावा. इंटेलच्या एलजीए सॉकेटमध्ये, तसेच एएम५ मध्येही, केसाएवढ्या टाचण्या बोर्डावरच असतात. वरचे काळे प्लॅस्टिकचे झाकण काढून उजेडात तिरके धरून पाहा, सगळ्या रांगा सरळ दिसल्या पाहिजेत. एखादी वाकलेली असेल तर बोर्ड तिथेच परत करा. घरी गेल्यावर सांगितले तर 'तुम्हीच वाकवली' असे म्हणतात, आणि वाकलेल्या टाचणीला सहसा हमी लागू होत नाही. ते झाकण फेकू नका. हमीसाठी बोर्ड परत पाठवताना ते लावूनच पाठवावे लागते.

पावती जीएसटीची घ्या. 'बिलाशिवाय स्वस्त पडेल' हे ऐकू नका. कराचे १८ टक्के वाचवायच्या नादात नामांकित कंपनीची साधारण तीन वर्षांची हमी जाते. पावतीवर बोर्डाचे पूर्ण नाव आणि सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो नंबर खोक्यावर व बोर्डावर एकच आहे का ते मुलीने वाचून पाहावे. 'दुकानाची हमी एक वर्ष' असे हाताने लिहिलेले असेल, तर ती कंपनीची हमी नव्हे.

यंत्र घरी आले आणि सुरू झाले की विन्डोजची खूण असलेली कळ दाबून धरा, आर दाबा, आणि येणाऱ्या चौकटीत एमएसइन्फो३२ असे इंग्रजी अक्षरांत टाईप करा. उघडलेल्या पानावर प्रोसेसरचे नाव दिसते आणि 'बेसबोर्ड' या शब्दासमोर मदरबोर्डचे. पावती शेजारी ठेवून ताडून पाहा. जमल्यास हे पैसे देण्याआधी दुकानातच करून घ्यावे. ज्यांनी आधीच कुठून 'आय-सेव्हन' घेतला आहे, त्यांनीही आज संध्याकाळी हे करून पाहावे. बेसबोर्डसमोर एच६१ निघाले आणि पावतीवर 'नवा' असे लिहिले असेल, तर पावतीची झेरॉक्स या सदराच्या नावाने पाठवा. ग्राहक तक्रार कशी लिहायची ते कळवीन.

ताई, मुलीने लिहून काढलेली यादी आणि नव्या दुकानाची चिठ्ठी भिशीचे पैसे हाती येण्याआधी पाठवा, मी पाहून लगेच उलट टपाली उत्तर देतो. पॉवर सप्लायची ओळ दोन्ही चिठ्ठ्यांत नुसती '४५० वॉट' एवढीच लिहिली आहे, कंपनीचे नाव नाही. त्याबद्दल पुढच्या अंकात.